लाईट गेली का?

१

मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे अंधारावर उजेडाने मिळवलेल्या विजयाचा इतिहास होय, असं उलव्याच्या ‘सागरलक्ष्मी’ सोसायटीचे चेअरमन आप्पा कडू यांनी जिन्यातल्या नव्या दिव्याचं उद्घाटन करताना जाहीर केलं. टाळ्या थांबायच्या आत तो दिवा गेला. आठवडाभरात आप्पाही गेले.

आप्पा गेले ते स्वतःच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत, ओला पंचा मुठीत धरून. आंघोळ झाली की अनवाणी जायचं आणि कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेवर आपल्या हाताने पंचा टाकायचा, हा त्यांचा नेम होता. पंचा बायकोने टाकला तर तिरका पडतो, असं त्यांचं मत होतं. त्या सकाळी तारेत वीज होती. आप्पांनी तार धरली, तारेने आप्पांना धरलं. आप्पा कोसळले तशी तार तुटून नळावर पडली आणि घराचा मेन स्विच खाली आला. बायको चांगुणाबाई मासळी घेऊन परतल्या तेव्हा घरात पंखा बंद होता, फ्रिज बंद होता आणि आप्पाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर नेहमीचं चाललं होतं. गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात. बी विंगच्या मांजरीने ए विंगच्या पायपुसण्यावर केलेल्या कृत्याचा फोटो. सेक्रेटरी विश्वजित सरनोबत यांचा ‘लाईट गेली का?’ आणि त्यावर चार-पाच जणांचं ‘आमच्याकडे आहे’. टँकर आला की नाही यावरून भांडण. त्यात आप्पांची बातमी पडली. पंधरा-वीस जोडलेले हात आले, आणि त्यांच्या पाठोपाठ तळमजल्याच्या एका सभासदाने विचारलं, की या दुःखद प्रसंगी विचारणं बरं दिसत नाही, पण आप्पांची पार्किंगची जागा आता कोणाकडे जाणार.

सब-इन्स्पेक्टर धुमाळ आले. त्यांनी बाल्कनी पाहिली. आदल्याच दिवशी तिथे वॉशिंग मशीनसाठी नवा पॉइंट बसवला होता. त्या पॉइंटमधून वायरचा एक तुकडा निघून कपड्यांच्या तारेला टेकला होता. उरलेल्या वायरचं वेटोळं कोपऱ्यात पडलं होतं.

“पॉइंट कोणी बसवला?” धुमाळांनी विचारलं.

“प्रितमने,” सगळे म्हणाले. सोसायटीच्या स्थापनेपासून सगळ्यांचं एकमत झालेला हा पहिला विषय.

प्रितम सोनकांबळे हा नाक्यावरच्या गाळ्यातला इलेक्ट्रिशियन. पोलिसांनी त्याला उचललं तेव्हा तो सी विंगमध्ये स्टुलावर उभा होता. सी विंगवाल्यांनी पोलिसांना अडवलं, पण एवढ्यासाठीच, की हाती घेतलेलं काम पुरं करून मग न्यावा.

२

जाहिदा सरखोत यांना हे सगळं आपल्या दारात उभ्या असलेल्या शर्मिलाकडून कळलं. शर्मिला म्हणजे प्रितमची बायको. ती एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करायची आणि त्याच कपड्यांत तशीच आली होती.

जाहिदाबाई विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. मेलेल्या माणसांवर विश्वास न ठेवण्यासाठी त्यांना उभी हयात पगार मिळाला. मूळ घर म्हसळ्याकडचं. बोलणं गोड, डोळा मात्र खात्याचा.

“मॅडम, ते सही मागतायत त्याच्याकडं,” शर्मिला म्हणाली. “माझ्या चुकीनं माणूस मेला, असं लिहून दे म्हणतात. उद्या कोर्टात उभा करणार. आज हात सुजवलाय. रात्री दुसरा सुजवतील, मग सही करील तो.”

“दोन्ही सुजले तर सही कशाने करेल?” आतून हसनभाई म्हणाले. हे जाहिदाबाईंचे यजमान. सकाळपासून ते निकाल लागून गेलेली जुनी क्रिकेट मॅच बघत बसायचे आणि तरीही हरायला लागलं की चिडायचे.

“तुम्ही मॅच बघा,” जाहिदाबाई म्हणाल्या.

“बघतोय. सकाळपासून एक मिनिट उठलो नाही. आप्पा गेले तेव्हा पंचेचाळीसवी ओव्हर चालू होती.”

शर्मिलाने छताकडे बोट दाखवलं. “तुमचा हा पंखा त्यानंच लावलाय ना? पडला कुणाच्या डोक्यात? अख्ख्या बिल्डिंगमधे त्यानं काम केलंय. एक जण ठाण्यात येऊन बोलत नाय, की हा माणूस असा उघडा तुकडा सोडून जाणारा नाय. उलट मघाशी गेटवर एक मावशी मला बोलल्या, आमच्या मिक्सरची गॅरंटी आता कोण देणार.”

मिक्सरवाल्या मावशी कोण, हे जाहिदाबाईंनी आवाजाच्या नकलेवरून ओळखलं होतं. ती त्यांची रमीची जोडीदार होती.

“मी प्रितमला वाचवीन असं सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “मी फक्त बघून येते, की आप्पा खरोखर त्याच्या हातून मेले का. मेले असतील तर तसंच सांगेन.”

“सांगा,” शर्मिला म्हणाली. “पण आधी बघा तरी.”

३

चांगुणाबाई हॉलमध्ये जमिनीवर बसल्या होत्या. भोवती बायका रडत होत्या. त्या स्वतः रडत नव्हत्या. धुमाळांना ही गोष्ट खटकली असल्याचं त्यांनी जाहिदाबाईंना दारातच कानात सांगून टाकलं होतं. इलेक्ट्रिशियन सुटलाच तर त्यांना दुसरं कोणीतरी लागणार होतं.

बायकांना चहाच्या निमित्ताने बाहेर काढून जाहिदाबाई शेजारी बसल्या.

“बाय, सगली मना बघतान,” चांगुणाबाई म्हणाल्या. “रर म्हनतान. रडू येत नाय त्याला मी काय करू? तो मेला ता बरा झाला असा मी बोलनार नाय. पन माशाची तुकरी मोजून वारायचा तो. सोताला चार, मना शेपूट. आज पापलेट आनली, ती तशीच परली हायेत. मी बसल्या बसल्या तोच इचार करताव, की आता मधला तुकरा कोनी खायाचा.”

“तुम्ही खायचा,” जाहिदाबाई म्हणाल्या.

चांगुणाबाईंना हे क्षणभर पटलं नाही. मग हळूहळू पटलं. आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कशासाठी हे विचारायचं जाहिदाबाईंनी टाळलं.

“तुम्ही घर सोडलंत तेव्हा आप्पा काय करत होते?”

“टीवी बघत व्हता. आंगोल करायची व्हती.”

“चष्मा लावून?”

“छ्या. टीवीला चष्मा लागत नाय त्याला. चष्मा निस्ता सहीला. सोसायटीचा कागद आला का कपाटातशी चष्मा कारनार, आर्धा तास वाचनार, मंग सही नाय करनार.”

जाहिदाबाईंची नजर टीपॉयवर गेली. टीपॉयवर चष्मा होता, घडी न घातलेला, आणि शेजारी टोपण काढलेलं पेन. कागद मात्र नव्हता.

“हे तुम्ही ठेवलंत?”

“मी कशाला हात लावू? त्याच्या चष्म्याला हात लावला तर मारायचा.”

म्हणजे चांगुणाबाई गेल्यावर आणि आप्पा मरायच्या आधी, कोणीतरी सहीसाठी कागद घेऊन आलं होतं. जाताना कागद नेला. आप्पा मेल्याचं कळल्यावरही आपण येऊन गेल्याचं कोणाला सांगितलं नाही.

जाहिदाबाई उठल्या, तोच दारातून हापूसचा वास आला. पाठोपाठ पेटी आली आणि पेटीमागे विश्वजित सरनोबत.

४

विश्वजित मोठ्या कंपनीत माणसं नेमायच्या आणि काढायच्या खात्यात होता. नेमताना आणि काढताना तो एकाच सुरात बोलायचा. बायको बाळंतपणाला साताऱ्याला गेलेली, त्यामुळे घराला कुलूप आणि सोसायटीला हा पूर्ण वेळ.

“काकू, काळजी करू नका, आम्ही आहोत,” तो चांगुणाबाईंना म्हणाला, आणि आंब्याच्या पेटीचं काय करायचं हे न कळून ती त्याने आप्पांच्या फोटोपुढे ठेवली. “सकाळी लवकर वाशीच्या मार्केटला गेलो होतो, सगळ्यांसाठी होलसेलमध्ये घ्यायला. परत येतो तर हे. मॅडम, मी एक बोलू? मी हे मीटिंगमध्ये सहा महिने सांगत होतो. लोकल माणूस नको. नाक्यावरचा कोणीही येतो, वायर जोडतो, जातो. अकाउंटेबिलिटी कोणाची? ॲपवरून मागवा, युनिफॉर्ममधला ट्रेन्ड माणूस येतो. आप्पांनी ऐकलं नाही. प्रितमच पाहिजे. बघा आता.”

“ॲप तुमच्या मेव्हण्यांचं ना?” जाहिदाबाईंनी कौतुकाने विचारलं.

“स्टार्टअप आहे त्याचं. पण मी तसं बघत नाही.”

“नाही, नाही. तुम्ही तसे नाही.”

खाली गेटवर वॉचमन मानसिंग खुर्चीत बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना आप्पांच्या मृत्यूची तीच हकीकत थोडी थोडी वाढवून सांगत होता.

“सरनोबत साहब? गाडी लेके सुबह ही निकल गये थे, मॅडम. हमने सॅल्यूट मारा.”

“आणि परत?”

“आम लेके आये तब. तब भी मारा.”

“मागच्या गेटला कोण असतं?”

“पिछले गेट पे कोई नहीं. वो तो खुलाही रहता है. आप लोगों ने ही खुलवाया, मॉर्निंग वॉक के लिये. हम बोले थे, चोर आयेगा. तो सेक्रेटरी साहब बोले, चोर मॉर्निंग वॉक नहीं करता.”

जाहिदाबाई वर आल्या. गाडी पुढून बाहेर जाऊ शकते आणि माणूस मागून आत येऊ शकतो, हे कळलं. पण ते शक्य असणं वेगळं आणि घडणं वेगळं. शक्य तर हेही होतं, की कोणी कुरिअरवाला सहीसाठी आला, आप्पांशी भांडला आणि गेला. मागचं गेट उघडं राहतं म्हणून धुमाळ कोणाला सोडणार नव्हते आणि कोणाला धरणारही नव्हते. उद्या कोर्ट होतं, आणि त्याच्या आत रात्र.

त्यांनी सवयीने फोन हातात घेतला. संध्याकाळी बिल्डिंगखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये शोकसभा असल्याचा मेसेज होता. त्याखाली कोणीतरी विचारलं होतं, नाश्ता आहे का. सकाळपासून कोण काय बोललं हे बघायला त्या वर सरकत गेल्या, टँकरच्या भांडणापर्यंत, तिथून मांजरीपर्यंत. आणि थांबल्या.

हॉलमधून हसनभाई ओरडले, की शेवटची ओव्हर आहे आणि आपण हरणार आहोत.

“अहो,” त्या म्हणाल्या, “सकाळपासून एकदा तरी टीव्ही बंद पडला होता का?”

“कशाला पडेल? लाईट होती की.”

जाहिदाबाईंनी दुपट्टा घेतला आणि धुमाळांना फोन लावला. शोकसभेला या म्हणाल्या, आणि येताना आप्पांचा मोबाईल घेऊन या. धुमाळांनी नाश्ता आहे का ते विचारलं.

५

पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आप्पांच्या जागेत तळमजलेवाल्याने आधीच स्कूटर उभी केली होती, तिला हार घालायचा की आप्पांच्या फोटोला, अशा अंतरावर. शर्मिलाला कोणी खुर्ची दिली नाही. ती खांबाला टेकून उभी होती.

विश्वजितने आप्पांचे गुण सांगितले. ते लवकर संपले. मग त्याने ठराव वाचला: यापुढे कोणत्याही सभासदाने लोकल इलेक्ट्रिशियनला घरात घेऊ नये, सोसायटीचं सगळं काम एकाच प्रमाणित ॲपला द्यावं, हीच आप्पांना खरी श्रद्धांजली.

“अनुमोदन देण्याआधी मला एक शंका आहे,” जाहिदाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “विश्वजित, आज सकाळी तुम्ही ग्रुपवर विचारलंत, ‘लाईट गेली का?’”

काही जण हसले. उन्हाळ्यात उलव्यात हा प्रश्न श्वासासारखा असतो. कोणी मुद्दाम घेत नाही आणि कोणी मोजत नाही.

“विचारलं असेल. रोजच विचारतो आपण सगळे.”

“रोज विचारतो, पण कधी? आपल्या डोक्यावरचा पंखा थांबतो तेव्हा. पंखा थांबला की आपण मेन स्विच बघत नाही, खिडकीतून बघत नाही. आधी ग्रुपवर टाकतो. बिल्डिंगची गेली असेल तर बरं वाटतं, आपली एकट्याची गेली असेल तर काळजी. आज बिल्डिंगची गेली नव्हती. सगळ्यांनी तुम्हाला तेच कळवलं, ‘आमच्याकडे आहे’. आमच्या यजमानांची मॅच एका चेंडूनेही चुकली नाही. तुमच्या घराला कुलूप. आज सकाळी सागरलक्ष्मीत एकाच घरातली लाईट गेली, आणि ती ज्या क्षणी गेली त्या क्षणी आप्पा मेले होते. मग वाशीत आंबे दाबून बघणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा कुठला पंखा थांबला?”

धुमाळांनी हातातला वडा खाली ठेवला.

विश्वजित गोंधळला नाही. माणसं काढण्याच्या खात्यात राहून तो आयत्या वेळी कारण शोधायला शिकला होता. “मॅडम, सेक्रेटरी आहे मी. मला मेंबर फोन करतात. कोणीतरी केला असेल फोन, लाईट गेली म्हणून.”

“कोणी?”

त्याने समोर बघितलं. समोर बसलेला प्रत्येक जण जिवंत होता आणि नाही म्हणू शकला असता. त्याची नजर हार घातलेल्या फोटोवर गेली.

“आप्पांनी,” तो म्हणाला. “आता आठवलं. आप्पांनीच केला होता.”

जाहिदाबाईंनी मान हलवली. नोकरीत त्यांना शेकडो माणसं अशी भेटली होती. साक्षीदार निवडायची वेळ आली की ती हमखास मेलेला निवडायची.

“म्हणजे घरातली लाईट गेली, मग आप्पांनी तुम्हाला फोन केला, आणि मग आप्पा शॉक लागून मेले.”

“तसंच असणार.”

“कुठल्या लाईटने?”

सगळ्यांच्या आधी धुमाळांना कळेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती, पण ते उभे राहिले. “म्हणजे मॅडम, मेन पडल्यावर तारेत करंटच नाही.”

“नाही.”

“मेन परत वर केला असेल त्यांनी,” विश्वजित घाईने म्हणाला. “फोन केल्यावर केला असेल.”

“असेल ना,” जाहिदाबाई म्हणाल्या. “आप्पांचा मोबाईल धुमाळांच्या खिशात आहे. सकाळी तुम्हाला केलेला फोन तेवढा दाखवा, मी माफी मागते आणि ठरावाला अनुमोदनही देते.”

धुमाळांनी मोबाईल काढला. अंगठ्याने वर सरकवलं, खाली सरकवलं. मग तो जाहिदाबाईंना न देता त्यांनी परत खिशात ठेवला आणि विश्वजितच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

“तुम्ही गाडी कोपऱ्यावर लावलीत आणि मागच्या गेटने आलात,” जाहिदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजूनही गोडच होता. “हा ठराव सहीसाठी घेऊन. आप्पांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा ठेवला आणि नाही म्हणून आंघोळीला गेले. प्रितमची उरलेली वायर बाल्कनीत होतीच. तुम्ही तार जोडलीत, हॉलमध्ये येऊन पंख्याखाली बसलात. पंखा थांबला, आणि हात आपोआप फोनकडे गेला.”

विश्वजित बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिला. त्या बोटांवर त्याचा राग असावा.

“ते मरायला नको होते,” तो म्हणाला. “मला फक्त एक झटका बसायला हवा होता. बारीकसा. लोकल माणसाच्या कामाचा एक अनुभव आला असता, तर त्यांनी सही केली असती.”

“बारीक म्हणजे किती?” धुमाळांनी लिहून घेण्यासाठी विचारलं.

मागच्या खुर्चीतून चांगुणाबाई पहिल्यांदाच बोलल्या. “त्याला बारीक कायपन चालत नव्हता. सगला मोटा लागायचा.”

विश्वजितला गाडीत बसवल्यावर खजिनदारांनी विचारलं, की ठराव वाचून झालेला आहे, तर तो मागे घ्यायचा की तहकूब ठेवायचा, कारण ॲपच्या कल्पनेत तसं चूक काही नव्हतं. तळमजलेवाल्याचा प्रश्न वेगळा होता. विश्वजितलाही पार्किंग होतं.

६

प्रितमला दुसऱ्या दिवशी दुपारी सोडला. तो आणि शर्मिला रिक्षातून गेटपाशी उतरले, कारण त्याची हत्यारांची पिशवी अजून सी विंगमध्ये होती. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. ओठ फुटलेला. चालताना एक पाय तो जपून टाकत होता.

मानसिंगने सॅल्यूट मारला. पार्किंगमध्ये बसलेली मंडळी बोलायची थांबली आणि सगळी एकदम मोबाईल बघायला लागली. रमीच्या जोडीदारणीने लिफ्टचं बटण दाबलं, लिफ्ट आली, आणि ती त्यात चढलीच नाही. कोणालाही काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि सुचलं असतं तर आदल्या दिवशी ठाण्यात जाऊन बोलता आलं असतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

सी विंगच्या बाईंनी पिशवी आणून दिली, दोन बोटांनी धरून. वरून म्हणाल्या, की स्टूल मात्र आमचं आहे.

जाहिदाबाई खाली आल्या तेव्हा प्रितम डाव्या हाताने पिशवीची चेन लावायचा प्रयत्न करत होता. लागत नव्हती. शर्मिलाने लावली.

“मॅडम,” तो म्हणाला. फुटक्या ओठामुळे शब्द अडखळत होते. “आमी काय बोलू. काल संध्याकाळी मी सही करायलाच बसलो होतो. पेन पण दिलेलं हातात. तवा धुमाळ साहेबांचा ठाण्यात फोन आला. तुमी नसता तर आमचं घर, पोरं, सगळंच...”

निवृत्तीनंतर कोणीतरी आपल्यामुळे वाचलं, याने जाहिदाबाईंना आतून भरून आलं होतं. या माणसाला काहीतरी मोठं, मनातलं, कायमचं लक्षात राहील असं सांगावं, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो कळवळला, तेव्हा काढून घेतला.

“उपकाराचं राहू दे, प्रितम,” त्या म्हणाल्या. “आता आलाच आहेस, तर वर येऊन आमच्या टॉयलेटमधला एक्झॉस्ट तेवढा बघून जा. फार खडखडतो रे. शिडी हसनभाई धरतील.”